पाटीवरचं ‘आज नाही’ : ऋतू आणि हॉटेलातलं जेवण

मागच्या वेळी आपण कांट आणि कर्तव्य या विषयावर बोललो. आज हॉटेलातल्या जेवणावर बोलायचं म्हटल्यावर आयोजकांना जरा हसू आलं. पण विषय फार लांब गेलेला नाही, हे थोड्या वेळाने लक्षात येईल.

गेल्या जुलैत, भर पावसात, आम्ही दोघं नातीला घेऊन मुलुंडच्या एका मालवणी हॉटेलात गेलो होतो. कार्डावर नेहमीचंच सगळं. पापलेट, सुरमई, रावस, हलवा, बांगडा. आम्ही विचारलं, ‘‘अहो, आत्ता मासेमारी बंद आहे ना? मग हे कुठलं?’’ वेटर म्हणाला, ‘‘काका, सगळं ताजं आहे.’’ नातीने पापलेट मागवलं. आम्ही मात्र त्या ‘ताजं’ शब्दावर अडकलो. सवय वाईट, दुसरं काय!

आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा हा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. वेसावे असो, मढ असो, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात आणि जाळी दुरुस्तीला बाहेर निघालेली असतात. मग तो वेटर खोटं बोलत होता का? तसं म्हणता येणार नाही. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिलपासून 14 जूनपर्यंत असते. म्हणजे जुलैत आंध्रच्या समुद्रातला मासा रीतसर पकडून, बर्फात घालून इथे येऊ शकतो. तो शीतगृहातला मे महिन्याचाही असू शकतो. कायद्याने दोन्ही ठीक. फक्त कार्ड वाचून तुम्हाला यातलं काहीच कळत नाही. पापलेटला महाराष्ट्राने 2023 साली राज्यमासा ठरवलं. हा राज्यमासा कुठल्या राज्यातून आला, हे मात्र ताटात कळत नाही.

आता थोडं विश्लेषण. ‘ऋतूप्रमाणे जेवण’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. एक, वस्तू मिळतच नाही म्हणून नसणे. दुसरी, मिळू शकते पण घ्यायची नाही असं ठरवलंय म्हणून नसणे.

पहिल्याचं उदाहरण शेवळं. पावसाच्या तोंडावर जंगलात उगवतात, काही आठवडे टिकतात, संपतात. बोरिवलीच्या, मुलुंडच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या घेऊन बसलेल्या दिसतात. त्यामागून टाकळा, फोडशी, कंटोळी. शेवळं नीट निवडली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून सोबत काकडं घालायची. हा सगळा खटाटोप हॉटेलवाल्याला परवडत नाही. उद्या माल येईल की नाही याची खात्री नाही, निवडायला माणूस लागतो आणि छापलेल्या कार्डावर तीन आठवड्यांचा पदार्थ बसवायचा कुठे? त्यात आता घरपोच जेवण मागवायची सोय. तिथे ‘उपलब्ध नाही’ हा दोष समजला जातो.

दुसऱ्या प्रकारात मासेमारीची बंदी येते. मासा समुद्रात आहे, जाळंही आहे, तरी टाकायचं नाही. ‘शक्य नाही’ आणि ‘करायचं नाही’ यातला हा फरक. कांट इथे आला बघा! चातुर्मासातला कांदा-वांग्याचा निषेध याच जातीचा. आधी कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन घ्यायचा आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला वांग्याच्या भरताने सोडायचं. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त ऋतुचर्येला स्वतंत्र अध्याय दिलाय, त्यात पावसाळ्यात अग्नी मंद होतो, जपून खा, असं सांगितलंय. कारण वैद्यकाचं असो की धर्माचं, शेवटी तो माणसांनी आपसांत केलेला करार असतो.

इंग्रजांकडेही दोन्ही प्रकार सापडतात. नावात ‘आर’ अक्षर नसलेल्या महिन्यांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, कालवं खाऊ नयेत असा जुना संकेत. ग्राउस या रानपक्ष्याची शिकार 12 ऑगस्टच्या आधी करायची नाही, हा तर 1831 पासूनचा कायदा. 1994 साली लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराजवळ फर्गस हेंडरसन आणि सोबत्यांनी ‘सेंट जॉन’ नावाचं हॉटेल काढलं. त्या-त्या ऋतूतलं साधं ब्रिटिश अन्न, हाच त्याचा बाणा, आणि त्याची जगभर चर्चा झाली. आपल्याकडे घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीची फरसाणवाली दुकानं थंडीत उंधियूच्या पातेल्यांपुढे माणसांची रांग लावतात आणि 14 जानेवारीला, उत्तरायणाला, ती रांग रस्त्यावर येते. त्यांची चर्चा कोणी केली नाही.

उंधियू का टिकला? सुरती पापडी, कंद, कोवळी वांगी कधी चांगली हे गिऱ्हाइकाला ठाऊक आहे म्हणून. जूनमध्ये कोणी उंधियू मागत नाही. मागितला तर दुकानदारच चमकून बघेल. ऋतू सांभाळतो तो विचारणारा माणूस, स्वयंपाकी नंतर. आमरसाचं बघा. हापूस मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा. पण डबाबंद रस बारा महिने मिळतो, म्हणून थाळीतही बारा महिने येतो. आमच्या नातीने डिसेंबरात आमरस मागितला आणि मिळाला. ती खूश. आम्हाला मात्र चुकचुकलं. मार्च हा कशाची तरी वाट बघायचा महिना आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हीही नाही.

पण ऋतूचं फार गोडवे गाणंही बरं नव्हे. बंदीचे ते दोन महिने कोळीणबाईची टोपली रिकामी असते. आपण ‘नाही’ चवीने ऐकतो, ती ते पोटाने ऐकते. शीतगृहाला नावं ठेवणाऱ्याने हे विसरू नये. आणि तिने याची तरतूद आधीच केलेली असते. बोंबील, सुकट, सोडे उन्हात वाळवून ठेवलेले असतात. पावसाळ्यातलं खरं ऋतूचं जेवण हेच, आणि हॉटेलच्या कार्डावर ते शेवटच्या ओळीत, लाजत उभं असतं.

तर पुढच्या रविवारी आम्ही अंधेरीला दुसऱ्या एका खानावळीत गेलो. आठ-दहा टेबलं, भिंतीवर काळी पाटी. खडूने लिहिलेलं : सोड्याची खिचडी, सुकं बोंबील, वालाचं बिरडं. खाली, पापलेट आज नाही. नातीचं तोंड उतरलं. तिने मालकिणीलाच विचारलं, ‘‘कधी असेल?’’ बाई म्हणाल्या, ‘‘नारळी पौर्णिमा होऊ दे गं, मग बघू.’’ खिचडी तिने अर्धीच खाल्ली, खरं सांगायचं तर. पण घरी आल्यावर खुर्चीवर चढून भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि आजीला विचारत बसली, पौर्णिमा कुठली, नारळी कुठली.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. चहा यायला अजून दहा मिनिटं आहेत.