लुकमा देणारा मित्र

तरावीहच्या नमाजात इमामाच्या अगदी मागे उभ्या असलेल्या एका माणसाबद्दल मशिदीबाहेर फारशी माहिती नसते. रमजानच्या रात्री हाफिज पाठ असलेलं कुराण नमाजात म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत तीसही पारे पूर्ण होतात. मागे उभा असतो तोही हाफिजच, पण त्याचं काम ऐकण्याचं. त्याला सामे म्हणतात, म्हणजे ऐकणारा. पुढचा अडखळला, एखादी आयत सुटली, की हा मागून नेमका शब्द पुरवतो. त्याला म्हणतात लुकमा देणं. लुकमा म्हणजे घास. रोजांच्या महिन्यात घासाला असाही अर्थ असावा, ही गंमतच.

ही पद्धत जुनी आहे. दर रमजानमध्ये जिब्रील फरिश्ता पैगंबरांकडे येई आणि दोघे मिळून कुराणाची उजळणी करत, असं हदीसमध्ये येतं. शेवटच्या वर्षी ती दोनदा झाली. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने ऐकायचं. वारकऱ्यांच्या पारायणालाही असं जागं ऐकणं लागतंच.

आता खिशातल्या ऐकण्याकडे येऊ. ‘पॉडकास्ट’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमरस्ली या पत्रकाराने ‘गार्डियन’ दैनिकातल्या लेखात वापरला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची ती जोडणी. आयपॉड गेला, शब्द राहिला. त्याआधी अमीन सयानींची ‘गीतमाला’ लागली की एका रेडिओभोवती अख्खं घर जमायचं, शेजारीही यायचे. इयरफोनने ते मोडलं. ऐकणं वाढलं, पण ऐकणारा एकटा झाला. एकट्याला लुकमा कोण देणार?

म्हणून हा एक साधा प्रयोग. महाडच्या एमआयडीसीत एकाच पाळीत काम करणारी एखादी जोडी समजा. एक शहरातल्या मोहल्ल्यातला रोजेदार, दुसरा तळीयेच्या बाजूचा. पहिली पाळी सुटली की मगरिबला अजून तीन तास असतात आणि रोजेदाराला तेच सगळ्यात लांब वाटतात. नियम एवढाच: रोज एकाने नवा पॉडकास्ट शोधायचा आणि फोनच्या स्पीकरवर दोघांनी ऐकायचा. खटकलं तिथे कुणीही थांबवावं, पण का थांबवलं ते सांगितलंच पाहिजे.

या महिन्यात पहिली चाळणी गीबतीची. माघारी कुणाबद्दल वाईट बोलणं म्हणजे गीबत. सूरह हुजुरातमध्ये तिची तुलना मेलेल्या भावाचं मांस खाण्याशी केली आहे. गीबत ऐकणाराही त्यात भागीदार होतो, म्हणून रोजा कानाचाही असतो. ही चाळणी लावली की कुणी कुणाशी का भांडलं यावर तासतास चालणाऱ्या गप्पांचा ढीग पहिल्याच दिवशी गळून पडतो. तळीयेकडच्या मित्राला रोजा नाही, पण ही चाळणी त्यालाही पटावी.

उरतं तेही कमी नाही. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं ‘अमुक तमुक’ एक विषय घेतं, जाणकाराला बसवतं आणि आपल्याला विचारायला लाज वाटेल असे प्रश्न बिनधास्त विचारतं. लांबी मात्र पाळीवरून दमून आलेल्याचा अंत पाहणारी. विनायक पाचलग यांची ‘थिंक बँक’ राजकारण-अर्थकारणाची, बातमीच्या मागचं ऐकायचं असेल तेव्हाची. सौमित्र पोटे यांचं ‘मित्रम्हणे’ निवांत, पाहुण्याला मोकळं होऊ देणारं. तिन्ही चांगली, पण डोंगराखालच्या वाडीतल्या माणसाला त्यांत आपलं घर शोधावं लागतं.

या जोडीने न चुकता ऐकावं असं एक आहे, ‘द क्विंट’चं ‘उर्दूनामा’. फबेहा सय्यद त्यात उर्दूतले शब्द उलगडतात. तळीयेच्या माणसाचा उर्दूशी काय संबंध, असं वाटेल. पण दरड कोसळल्यानंतर त्याच्या दारी आलेले शब्द आठवून बघा: तहसीलदार, नुकसान, पंचनामा, मदत, वारस, दाखला. बहुतेक सगळे फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आलेले. दरड तेवढी इथली.

२२ जुलै २०२१ ला तळीयेवर डोंगर आला. वर महाबळेश्वरला त्या दिवसांत एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. तिथेच उगम पावणारी सावित्री महाडात शिरली, रस्ते पाण्याखाली गेले आणि मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. आकडे बदलत राहिले आणि शेवटी ८० च्या पुढे गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडींनी माणसं नेली. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते यांनी हेच भोगलं होतं. वाहिन्यांच्या गाड्या आल्या, माणसांनी कॅमेऱ्यापुढे अर्धा-एक मिनिट रडून सांगितलं, गाड्या गेल्या. मग कंटेनरची घरं आली, पुढे म्हाडाची.

त्याच हुजुरात सूरहमध्ये असंही बजावलंय की बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खात्री करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान कराल. दर पावसाळ्यात ‘अमक्या गावावर दरड’ असा निरोप फोनवर फिरतो तेव्हा या ओळीची किंमत कळते. डोंगराला भेगा कशा पडतात, झाडं कशी कलतात, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं म्हणजे काय, हे अभ्यासक सांगतीलच. पण हे सगळं अंगणातून पाहिलेली माणसं तासभर, न तोडता, आपल्या बोलीत बोललेली ऐकायला मिळाली पाहिजेत. स्टुडिओत बोलावून ते जमणार नाही. तिथे बोली सरळ होते, आवाज पाहुण्याचा होतो.

फोनमध्ये रेकॉर्डर असतोच. ईदला अजून दिवस आहेत. एकाने विचारायचं: त्या दुपारी पाऊस कसा वाजत होता? आधी कुणी काही बोललं होतं का? गुरं कुठे होती? दुसऱ्याने मागे बसून फक्त ऐकायचं, आणि सांगणारी आजी एखाद्या नावापाशी थांबली की ते नाव हळूच पुरवायचं. तिला रडू आलं तर रेकॉर्डर बंद. तिच्या परवानगीशिवाय कुणालाही पाठवायचं नाही. अजान झाली की तिथेच थांबायचं आणि खजुराचा डबा आधी तिच्यापुढे धरायचा.