लेकीचा खेळ जपा, बेण्यासारखा

मैत्रिणींनो, कळमनुरीत हळद काढली की पुढच्या लावणीचं बेणं आपण आधी बाजूला ठेवतो. लेकीनं कॉम्प्युटरवर ‘स्क्रॅच’मध्ये बनवलेला खेळही तसाच जपायचा.

२ जानेवारी २०१९ रोजी स्क्रॅचची तिसरी आवृत्ती आली. दुसऱ्या आवृत्तीतल्या फाईलच्या नावाशेवटी ‘एसबी२’ असतं, तिसरीतल्या ‘एसबी३’. नवं स्क्रॅच जुनी फाईल उघडतं. जुनं स्क्रॅच मात्र नवी फाईल उघडत नाही. म्हणून नवं टाकण्याआधी फाईलची नक्कल पेनड्राइव्हवर घ्या. नव्या स्क्रॅचमध्ये खेळ चालवून बघा, वेगळ्या नावानं सेव्ह करा. सगळं नीट चाललं, तरच जुनं स्क्रॅच काढा. मूळ फाईल मात्र पुसू नका. तेच लेकीच्या मेहनतीचं बेणं.