पाय उचलला की काय होतं?

मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा लागतं. पौष पौर्णिमेला इथे म्हसोबाची जत्रा भरते. जत्रेतला बैलबाजार आणि घोंगड्या यांसाठी लांबलांबून माणसं येतात. बैल घेणारा आधी दात बघतो, पुठ्ठ्यावर थाप मारतो आणि मग चार पावलं चालवून बघतो. कासरा ओढला की बैल थांबतो का, हे त्या चार पावलांत कळतं.

दोन वर्षांपूर्वी या जत्रेला माझा आतेभाऊ आला होता. दादा मूळचा याच भागातला, आता अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. घराभोवती पाच एकर जमीन आहे, तिच्यासाठी त्याने एक जुना, लहान ट्रॅक्टर घेतला. गवत कापायचं, लोडरने माती हलवायची, हिवाळ्यात बर्फ बाजूला सारायचं, ही त्याची कामं. पण मोटारीच्या अपघातानंतर त्याच्या उजव्या पायाचा घोटा शस्त्रक्रिया करून कायमचा जोडून टाकला आहे. पाय दुखत नाही, पण घोट्यात वाकतही नाही. आणि त्याच्या ट्रॅक्टरचं पेडल होतं नेमकं घोट्यावर चालणारं. पुढे जायला चवडा दाबायचा, मागे यायला टाच दाबायची. चवडा कसाबसा दाबता येई, टाच मात्र जमेना. ट्रॅक्टर विकून टाकावा असं वहिनीचं मत होतं. दादाला ते नको होतं.

फोटो घेऊन आम्ही म्हशातल्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये बसलो. तिथले मिस्तरी ट्रॉल्या बांधतात, नांगराचे फाळ दुरुस्त करतात. त्यांनी फोटो उलटसुलट पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "याला क्लच कुठाय?"

हा प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे शेतात दिसणारे बहुतेक ट्रॅक्टर गिअरचे. डाव्या पायाने क्लच दाबायचा, हाताने गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा. दादाच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल होतं. अशा यंत्रणेला हायड्रोस्टॅटिक म्हणतात. आपल्या भागात ती बघायची असेल तर रस्त्याचं काम चालू असताना व्हायब्रेटरी रोलर बघा, किंवा भातकापणीला येणारा कम्बाइन हार्वेस्टर. पुढे-मागे जाताना त्यांचा चालक गिअर बदलत नाही, एकच दांडा पुढे-मागे सरकवतो.

दोन सिरिंज आणि एक थाळी

हे वर्गात दाखवणं सोपं आहे. सुया काढलेल्या दोन सिरिंज घ्या, एक २० मिलिलिटरची आणि एक ५ मिलिलिटरची. सलाईनच्या नळीच्या तुकड्याने त्या जोडा आणि पाण्याने भरा. हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. तो राहिला तर काय होतं हे नंतर मुद्दाम एक बुडबुडा सोडून बघा. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या १ सेंमी ढकलला तर लहानीचा किती सरकतो? आता लहानीचा दट्ट्या दाबा आणि मोठीचा दट्ट्या मित्राला अडवून धरायला सांगा. मित्र हरेल. बंद द्रवात एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून ज्या दट्ट्याचं क्षेत्रफळ जास्त त्याच्यावर बल जास्त. पास्कलचा हा नियम ज्या ग्रंथात आहे तो त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला.

ट्रॅक्टरमध्ये पहिल्या सिरिंजच्या जागी पंप असतो, तो इंजिन फिरवतं. दुसरीच्या जागी मोटर असते, ती चाकं फिरवते. गंमत पंपात आहे. एका गोल ठोकळ्यात बंदुकीच्या गोळ्यांसारखे ९ दट्टे कडेकडेने बसवलेले असतात आणि ठोकळा फिरत असतो. दट्ट्यांची टोकं एका तिरप्या चकतीवर टेकून घसरत जातात. ही चकती स्वतः फिरत नाही. घरातली स्टीलची थाळी तिरपी धरा, तिच्यावर पेन्सिल उभी टेकवा आणि पेन्सिल कडेने गोल फिरवा. पेन्सिल वर-खाली होते ना? तसाच प्रत्येक दट्ट्या एका फेरीत एकदा आत-बाहेर होतो. निम्मा वेळ तेल ओढतो, निम्मा वेळ ढकलतो.

थाळी आडवी केली तर? पेन्सिल फिरेल, पण वर-खाली होणार नाही. इंजिन जोरात चालू, ठोकळा फिरतोय, तेल मात्र जागच्या जागी. ट्रॅक्टर उभा. थाळी उलट बाजूला कलती केली तर तेल उलट दिशेने वाहील आणि ट्रॅक्टर मागे जाईल. पायाखालचं पेडल एवढंच करतं. ते चकती कलती करतं. त्याला ना क्लच लागतो, ना गिअर.

थोडं गणित करू. समजा दट्ट्याचं क्षेत्रफळ २ चौ. सेंमी आणि दट्टे ज्या वर्तुळावर बसलेत त्याचा व्यास ६ सेंमी आहे. चकती १५ अंश कलली तर दट्ट्याची चाल ६ गुणिले टॅन १५, म्हणजे सुमारे १.६ सेंमी. ९ दट्ट्यांचं मिळून एका फेरीत २९ घन सेंमी तेल. इंजिन मिनिटाला २५०० फेरे करत असेल तर मिनिटाला सुमारे ७२ लिटर. कल ५ अंशांवर आणला की हेच तेल २४ लिटरच्या आसपास येतं. इंजिनाचा वेग तोच, ट्रॅक्टरचा वेग एक तृतीयांश.

दट्टे ९ च का, १० का नाहीत? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे आकृती काढून पाहावं. ३ आणि ४ दट्टे घ्या. प्रत्येकाचा प्रवाह साइन वक्रासारखा, फक्त धन भाग धरायचा आणि बेरीज करायची. ४ दट्ट्यांची बेरीज १ ते १.४१ अशी हेलकावते, ३ दट्ट्यांची ०.८७ ते १. दट्टा कमी असूनही प्रवाह जास्त एकसारखा! विषम संख्येची ही करामत समजायला मला स्वतःला पदवीनंतरही कागद-पेन्सिल घ्यावी लागली होती.

ही कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युद्धनौकांवरच्या तोफा वळवायला विल्यम्स आणि जॅनी यांची अशी यंत्रणा वापरात आली. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ मध्ये एक प्रायोगिक हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर लोकांपुढे आणला आणि १९६७ मध्ये बाजारात विकायला सुरुवात केली. याच कंपनीशी महिंद्रने १९६३ मध्ये भागीदारी केली होती. पण त्या भागीदारीतून कांदिवलीच्या कारखान्यातून आपल्या शेतांत आले ते गिअरचे ट्रॅक्टर, आणि माझ्या मते ते ठीकच झालं. तेलातून शक्ती नेताना तिचा बराच भाग उष्णतेत जातो. नांगरणी-चिखलणीत तासन् तास एकाच वेगाने जोर लावायचा असतो, तिथे गिअरच काटकसरीचा. लोडरसारख्या पुढे-मागे, पुढे-मागे करण्याच्या कामात हायड्रोस्टॅटिक सरस. शिवाय किंमत!

एक गोष्ट मात्र नव्या चालकाला फसवते. चढावर इंजिन गुदमरायला लागलं की मोटारीच्या सवयीने आपण पेडल आणखी दाबतो. इथे ते उलट पडतं. जास्त दाबलं म्हणजे चकती जास्त कलली, प्रत्येक फेरीत जास्त तेल ढकलायचं आलं. इंजिनाची पिळण्याची ताकद तेवढीच असल्यामुळे आता ते कमी दाबालाच दमतं, आणि चाकांचा जोर तर तेलाच्या दाबावर अवलंबून. म्हणून चढावर पाय थोडा उचलायचा. सायकलवर चढण आली की आपण हलका गिअर टाकतो, तेच हे.

पेडल बदलायचं कसं?

आता दादाच्या पायाकडे येऊ. पहिली कल्पना माझी होती. पेडलच्या पुढच्या टोकाला चपलेसारखा पट्टा लावावा. पाय वर उचलला की पट्ट्याने पेडलचं पुढचं टोक उचललं जाईल, मागचं दबेल, ट्रॅक्टर मागे जाईल. मला ती फार आवडली होती. मिस्तरींनी एका वाक्यात मोडीत काढली. "आणि पडायची वेळ आली, उडी मारायची झाली, तर पाय निघल का यातून?"

दुसरी कल्पना हाताच्या दांड्याची. पण दादाचा डावा हात स्टिअरिंगवर आणि उजवा लोडरवर. तिसरा हात आणणार कुठून? शेवटी ठरलं ते असं. टाचेच्या बाजूला एक लांब आडणी बोल्टने जोडायची, ती बाहेरच्या अंगाला वळवून थोडी उंच करायची आणि तिच्यावर वेगळी पट्टी बसवायची. मागे जायचं तर आख्खा पाय उचलून त्या पट्टीवर ठेवायचा आणि मांडीच्या जोराने दाबायचा. घोटा वाकवायची गरजच नाही. त्याचा ब्रेक डाव्या पायाखाली असल्यामुळे आडणी ब्रेकच्या आड येत नव्हती. आणखी एक फायदा आम्हाला नंतर लक्षात आला. पुढच्या पट्टीवरून मागच्या पट्टीवर जाताना पाय पेडल सोडतोच, म्हणजे मध्ये ट्रॅक्टर थांबतोच.

लांबीचा हिशोब तरफेचा. मूळ टाचेची जागा खिळीपासून ८ सेंमीवर होती आणि पूर्ण दाबायला सुमारे ९ किलो वजनाइतका जोर लागे. ८ गुणिले ९, म्हणजे ७२ किलो-सेंमी. आडणी १६ सेंमी केली की साडेचार किलोत काम होतं. फुकट काहीच मिळत नाही, पायाची चाल १.७ वरून ३.४ सेंमी झाली. पण तोट्यापेक्षा फायदाच, कारण चाल लांबली की वेग बारकाईने सांभाळता येतो. फक्त खालच्या पत्र्यापर्यंत तेवढी जागा हवी.

आम्ही प्लायवूडचा नमुना कापला, खुर्चीसमोर ठेवून दादाच्या पायाला लावून बघितला, दोनदा तासला. निघताना मिस्तरींनी पुन्हा विचारलं, "दादा, पाय उचलला का गाडी उभी राहील ना?" आम्ही दोघांनी माना डोलावल्या. स्प्रिंग आहे की, ती पेडल मध्यावर आणतेच.

ओहायोला परतल्यावर दादाने आडणी तिथे करून घेतली, लोखंडाची. ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीपासून उचलून, पुढच्या चाकांना ओंडके लावून मग इंजिन चालू केलं, हे त्याने फार शहाणपणाचं केलं. पाय पेडलपासून दूर होता, तरी चाकं हळूहळू मागे फिरत होती.

रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. मी आधी लिंकेजवर संशय घेतला. मग कागदावर मांडलं. आडणी आणि पट्टी मिळून ६०० ग्रॅम, त्यांचा गुरुत्वमध्य खिळीपासून १२ सेंमीवर. ०.६ गुणिले १२ म्हणजे ७.२ किलो-सेंमी, तेही सतत रिव्हर्सच्या बाजूला. पूर्ण चालीला ७२ लागतात, तर ७.२ म्हणजे एक दशांश चाल. नव्या ट्रॅक्टरात स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवलेली असते, त्यामुळे एवढ्याशा वजनाला ती दाद देत नाही. दादाची स्प्रिंग जुनी, सैल पडलेली. रिव्हर्सचा पूर्ण वेग ताशी ६ किलोमीटर धरला तर त्याचा दशांश ताशी ६०० मीटर, म्हणजे मिनिटाला १० मीटर. मागे कोणी उभं असतं तर?

लिंकेजचा नट फिरवून मध्य पुन्हा जुळवता आला असता. दादा तेच करायला निघाला होता. मी नको म्हटलं. त्याने वजनाचा कल झाकला जातो, जात नाही. खड्ड्यात आदळलं की ते वजन पुन्हा उसळून पेडल हलवणारच. त्याऐवजी लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम घेतलं, त्याने वजन एक तृतीयांशाच्या आसपास आलं. उरलेल्यासाठी पेडलच्या पुढच्या अंगाला लहानसं वजन बोल्टने बसवलं, आणि स्प्रिंग नवी घातली. जोडणी सगळी नट-बोल्टची. वेल्डिंगची उष्णता जवळच्या सिलांना आणि होजना चालत नाही, आणि बोल्टची गोष्ट चुकली तर उतरवता तरी येते. पेडल मध्यावर नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारा एक स्विच असतो. काही जण कटकट म्हणून तो जोडून टाकतात. त्याला हात लावायचा नाही, हे मी दादाकडून कबूल करून घेतलं.

चाकं उचललेलीच ठेवून त्याने वीस वेळा पाय ठेवला आणि काढला. वीसही वेळा चाकं थांबली. मग सपाट जागेवर, मग उतारावर. उतारावर मात्र पाय काढल्यावरही ट्रॅक्टर अगदी सावकाश सरकतो, कारण दट्ट्यांच्या कडेने तेल थोडं झिरपतंच. तिथे पार्किंग ब्रेक लावायलाच हवा, पेडल कितीही चांगलं असो.

या जानेवारीत जत्रेला गेलो तेव्हा मिस्तरींना मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांच्या शेडबाहेर एक लहान गिअरचा ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या क्लचवर ट्यूबच्या रबराने लाकडी ठोकळा आवळलेला होता. चालवणाऱ्या बाईंचा पाय पुरत नव्हता. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने भारतीय शेतकरी स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापं आणि ताकद मोजून २००९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आहेत. यंत्र बनवणाऱ्यांनी ती वापरावीत हा त्यामागचा हेतू. तुमच्या वर्गातही हे मोजता येईल. खुर्चीवर पाठ टेकून बसल्यावर पाठीपासून तळपायापर्यंतचं अंतर मुलामुलींचं किती, सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत आखूड यांत किती फरक, आणि तेवढं सरकणारं आसन करायचं तर पट्टीला भोकं किती अंतरावर पाडावी लागतील?

मिस्तरी तो ठोकळा काढून लोखंडी पायरी बसवत होते. माझ्या फोटोतलं पुढचं वजन त्यांनी बोटांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाले, "नटाखाली स्प्रिंग वॉशर टाकलाय का? थरथरीनं सुटल ते." मी तिथूनच दादाला विचारलं. टाकला नव्हता.