बिटकॉइनचे मायनिंग आणि खर्च: काही पक्के गैरसमज

बिटकॉइनचे मायनिंग म्हणजे संगणकाने नवी नाणी शोधून काढणे, अशी समजूत सर्वत्र आहे आणि पुढचे बरेचसे गैरसमज तिच्यातूनच निघतात. मायनिंगचे खरे काम हिशेब राखण्याचे आहे. बिटकॉइनची खातेवही कोणत्याही बँकेकडे नसते, तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर असतात. कोणता व्यवहार आधी झाला आणि कोणता नंतर, हे सगळ्यांनी एकमताने मान्य केले तरच तेच नाणे दोनदा खर्च होणे टळते. मायनर नवे व्यवहार गोळा करून त्यांचा एक ब्लॉक बांधतो आणि तो खातेवहीला जोडण्याचा हक्क मिळवण्यासाठी वीज खर्च करतो. त्याला मिळणारी नवी नाणी म्हणजे या कामाचा मेहनताना. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी निबंधात ही रचना मांडलेली आहे. पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला.

‘मायनिंगमध्ये संगणक अवघड गणिते सोडवतात’ हे वाक्य बातम्यांतही वारंवार येते. प्रत्यक्षात त्यात बुद्धीचे काम काहीच नाही. ब्लॉकमधल्या माहितीला एक आकडा जोडायचा, त्या सगळ्यावर एसएचए-२५६ ही ठरावीक प्रक्रिया चालवायची आणि येणारे उत्तर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का ते पाहायचे. नसेल तर आकडा बदलून पुन्हा तेच. विसरलेल्या आकड्याचे कुलूप उघडण्यासाठी बॅगेची चक्रे एकेक करून फिरवत बसावे, तसा हा प्रकार आहे. मायनिंगमध्ये मात्र आधीच्या प्रयत्नांचा पुढच्या प्रयत्नाला काही उपयोग नसतो. म्हणूनच दहा तास यंत्र चालवूनही ब्लॉक ‘जवळ आलेला’ नसतो.

यंत्रे वाढली की नाणी अधिक वेगाने निघतात, हाही एक पक्का गैरसमज. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक हे प्रमाण टिकावे म्हणून दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, काठिण्यपातळी आपोआप बदलते. यंत्रे दुप्पट झाली की काठिण्य दुप्पट होते आणि प्रत्येकाचा वाटा निम्मा होतो. मेहनतानाही ठरलेला आहे. सुरुवातीला ब्लॉकमागे ५० नाणी मिळत. दर २,१०,००० ब्लॉकनंतर हा आकडा निम्मा होतो. २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५ आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत, आणि त्यांतले १ कोटी ९० लाखावे नाणे एप्रिल २०२२ मध्येच निघाले. उरलेली निघायला २१४० च्या आसपासपर्यंतचा काळ लागेल.

आता हौशी माणसाचा पहिला प्रश्न: घरच्या लॅपटॉपवर हे जमते का? २००९ मध्ये जमत होते. २०१० मध्ये लोकांनी गेमिंगसाठीची ग्राफिक्स कार्डे वापरायला सुरुवात केली आणि २०१३ पासून केवळ याच एका कामासाठी बनवलेल्या चिपची यंत्रे बाजारात आली. त्यांना एसिक म्हणतात. या यंत्रांपुढे लॅपटॉपची गती हिशेबात धरण्याजोगीही उरत नाही. अँटमायनर एस१९ हे अशा यंत्रांपैकी बरेच प्रसिद्ध मॉडेल. ते सेकंदाला ९५ टेराहॅश, म्हणजे ९५ लाख कोटी प्रयत्न करते आणि त्यासाठी सुमारे ३,२५० वॉट वीज घेते.

हे यंत्र घरी चोवीस तास चालवले तर काय होते, ते मांडून पाहणे उपयोगाचे आहे. दिवसाला ७८ युनिट, महिन्याला २,३४० युनिट वीज. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याचे बिल २३,४०० रुपये. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढेल तसा युनिटचा भावही चढत जातो, तेव्हा हा अंदाज उदारच आहे. २०२४ मध्ये बिटकॉइन जाळ्याची एकूण ताकद सेकंदाला ६०० एक्झाहॅशच्या, म्हणजे ६० कोटी टेराहॅशच्या, पुढे गेली होती. त्यात या एका यंत्राचा वाटा सुमारे ६३ लाखांत एक. महिन्याभरात सगळ्या जगात मिळून साधारण १३,५०० नवी नाणी निघतात, त्यांतले ०.००२१ नाणे या घरात येईल. नाण्याचा भाव ५० लाख रुपये धरला तर ही कमाई सुमारे १०,७०० रुपये. भाव एक कोटी धरला तरी २१,४०० रुपये, म्हणजे विजेचे बिलसुद्धा सुटत नाही. व्यवहार-शुल्काचा वाटा मिळतो, पण एरवी तो किरकोळ असतो. यंत्राची किंमत, पंख्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि उन्हाळ्यात खोली थंड ठेवण्याचा खर्च या हिशेबात धरलेलाच नाही.

हे यंत्र एकट्याने चालवले तर एक ब्लॉक मिळायला सरासरी १२० वर्षे लागतील. म्हणून मायनर पूलमध्ये सामील होतात: सगळ्यांची ताकद एकत्र, मिळालेले नाणे कामाच्या प्रमाणात वाटून. पूलमुळे उत्पन्न वाढते असे अनेकांना वाटते. ते वाढत नाही, फक्त नियमित होते. उलट पूल चालवणारा त्यातून आपले शुल्क कापतो. घरगुती दराने वीज घेणाऱ्याने बिटकॉइन मायनिंगकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहू नये, हाच या आकड्यांचा अर्थ.

मोबाइलवर ‘मायनिंग’ करून देणारी ॲप तर याहून धोक्याची. ॲपलने जून २०१८ मध्ये आणि गूगल प्लेने जुलै २०१८ मध्ये फोनवरच मायनिंग करणाऱ्या ॲपना बंदी घातली. त्यानंतरही बटण दाबल्यावर नाणी वाढताना दाखवणारी ॲप दिसतात. त्यांतले आकडे वाढतात, पण त्यांमागे मायनिंग असतेच असे नाही. बऱ्याचदा जाहिराती पाहायला लावणे किंवा माहिती गोळा करणे हाच हेतू असतो.

याचेच मोठे रूप म्हणजे क्लाउड मायनिंगच्या योजना: यंत्र आमचे, पैसे तुमचे, परतावा दरमहा. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. गेनबिटकॉइन या योजनेत गुंतवलेल्या बिटकॉइनवर दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आश्वासन होते आणि पुढे माणसे जोडणाऱ्याला कमिशन. नंतर बिटकॉइनऐवजी कंपनीचेच एक नाणे हातात ठेवले गेले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपीला अटक केली. पुढे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. त्यात पोळलेल्यांत साधी नोकरदार माणसे होती, म्हणून इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. काठिण्य बदलते, भाव बदलतो, मेहनताना चार वर्षांनी निम्मा होतो. त्यामुळे मायनिंगचे उत्पन्न दरमहा ठरावीक असूच शकत नाही. ठरावीक परताव्याची हमी हाच फसवणुकीचा पुरावा समजावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

सगळीच आभासी चलने मायनिंगने निघतात असेही नाही. इथेरियम १५ सप्टेंबर २०२२ रोजी मायनिंग सोडून स्टेकिंगच्या, म्हणजे नाणी तारण ठेवून व्यवहार तपासण्याच्या, पद्धतीवर गेले आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. दुसऱ्या बाजूला मोनेरोने २०१९ च्या अखेरीस मुद्दाम अशी पद्धत स्वीकारली की साध्या संगणकाचा प्रोसेसरही स्पर्धेत राहावा. शिकण्यासाठी मायनिंग करून पाहायचेच असेल तर तिथे निदान यंत्र विकत घ्यावे लागत नाही, मिळकत मात्र तिथेही नाममात्रच. त्याहून चांगला अभ्यास बिटकॉइनचा नोड चालवून होतो. नोड म्हणजे संपूर्ण खातेवही स्वतः तपासणारा संगणक. नोडला मेहनताना मिळत नाही, पण वीजही फारशी लागत नाही, आणि ही व्यवस्था कशी चालते ते प्रत्यक्ष दिसते.

विजेबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर व्हावा. ‘एका व्यवहाराला अमुक युनिट वीज लागते’ अशी आकडेवारी फिरत असते. बिटकॉइनचा वीजवापर प्रचंड आहे यात वाद नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालात तो वर्षाला सुमारे १३८ टेरावॅट-तास, म्हणजे १३,८०० कोटी युनिट धरला आहे. पण ही वीज ब्लॉक मिळवण्याच्या स्पर्धेत जाते. ब्लॉकमध्ये दोन व्यवहार असोत की तीन हजार, वीज तेवढीच लागते. स्पर्धा किती तीव्र होईल हे मुख्यतः नाण्याचा भाव ठरवतो.

नाणे हाती आल्यावर ते ‘वॉलेटमध्ये’ असते असे म्हटले जाते. वॉलेटमध्ये असतात त्या चाव्या. नाण्यांची नोंद सगळ्यांच्या खातेवहीत असते. वॉलेट सुरू करताना मिळणारे बारा किंवा चोवीस शब्द म्हणजे त्या चाव्यांचे मूळ. फोन हरवला तरी शब्द हाती असले की सगळे परत मिळते. शब्द हरवले आणि फोनही गेला, तर जगातली कोणतीही कंपनी ते परत देऊ शकत नाही. एक्स्चेंजवर ठेवलेल्या नाण्यांच्या चाव्या एक्स्चेंजकडे असतात. जपानमधले माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडाले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब झाल्याचे सांगण्यात आले. त्यांतले दोन लाख पुढे सापडले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. बँकेतल्या ठेवीला असते तसे विम्याचे संरक्षण इथे नसते.

खर्चाची पहिली गाजलेली गोष्ट २२ मे २०१० ची. फ्लोरिडातल्या एका प्रोग्रामरने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले. दुकानाने बिटकॉइन स्वीकारले, असे यावरून अनेकदा सांगितले जाते. तसे झाले नव्हते: नाणी एका दुसऱ्या हौशी माणसाने घेतली आणि पिझ्झा नेहमीच्या पैशांनी मागवून दिले. आजही पुष्कळ ठिकाणी हेच घडते. क्रिप्टो कार्डने पैसे देताना मधली कंपनी नाणे विकते आणि दुकानदाराच्या खात्यात साधे चलन जमा होते.

नाणे खर्च करायला ते अख्खे असावे लागते, हा समज चुकीचा. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्यांना सातोशी म्हणतात. ५० लाखांच्या भावाने एक सातोशी पाच पैशांचा. ‘व्यवहार तत्काळ आणि फुकट’ हाही समज तितकाच चुकीचा. पहिली नोंद व्हायलाच सरासरी दहा मिनिटे लागतात, आणि मोठ्या रकमेसाठी सहा ब्लॉक थांबण्याची रीत आहे. शुल्क रकमेवर अवलंबून नसते. व्यवहाराची नोंद किती जागा घेते आणि त्या वेळी गर्दी किती आहे यावर ते ठरते. डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी शुल्क ५० डॉलरच्या वर गेले होते. व्हिडिओ गेम विकणाऱ्या स्टीमने त्याच महिन्यात शुल्क आणि भावातले चढउतार ही कारणे देऊन बिटकॉइन घेणे थांबवले. छोट्या रकमांसाठी २०१८ पासून लाइटनिंग नावाचे वेगळे जाळे वापरात आहे. त्यावर पैसे क्षणात जातात आणि शुल्क नगण्य असते.

व्यवहार एकदा पक्का झाला की मागे घेता येत नाही. पत्त्यातले पहिले-शेवटचे चार अक्षर-आकडे सारखे दिसावेत असे बनावट पत्ते तयार करून लोकांना फसवले जाते, म्हणून पूर्ण पत्ता वाचावा आणि आधी अगदी छोटी रक्कम पाठवून पाहावी.

बिटकॉइनचा माग लागत नाही, ही समजूत गुन्हेगारांनाही महागात पडली आहे. खातेवही सर्वांना खुली आहे; तिच्यात नावे नसली तरी पत्ते असतात, आणि एखादा पत्ता एक्स्चेंजच्या केवायसीशी जुळला की मागचे-पुढचे सगळे व्यवहार उलगडतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने दिलेल्या ७५ बिटकॉइनच्या खंडणीपैकी ६३.७ बिटकॉइन तिथल्या न्याय विभागाने महिन्याभरात परत मिळवले.

भारतातल्या कायद्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात: बंदी आहे, किंवा सरकारने कर लावला म्हणजे मान्यता दिली. दोन्ही चूक. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. बाळगणे गुन्हा नाही, पण हे वैध चलनही नाही. कोणताही दुकानदार ते नाकारू शकतो. डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी प्रायोगिक स्वरूपात आलेला डिजिटल रुपया ही निराळी गोष्ट आहे. तो रिझर्व्ह बँक काढते, त्याचे मायनिंग होत नाही.

१ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. तोटा दुसऱ्या कोणत्याही नफ्यातून वजा करता येत नाही. ‘रुपयात बदलले नाही, वस्तूच घेतली, मग कर कसला’ असे हौशी लोक विचारतात. वस्तू घेणे हेही हस्तांतरणच. २,००० रुपयांना घेतलेले नाणे ५,००० रुपयांच्या वस्तूसाठी दिले, तर ३,००० रुपयांच्या नफ्यावर ९३६ रुपये कर लागतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनाही तिथल्या कर खात्याच्या २०१४ च्या सूचनेनुसार असाच हिशेब ठेवावा लागतो, आणि मायनिंगमधून आलेले नाणे मिळाल्या दिवशीच्या भावाने उत्पन्नात धरावे लागते. भारतात मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च नाण्याची खरेदी किंमत म्हणून धरता येणार नाही, असे अर्थ मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या १०,७०० रुपयांच्या नाण्यामागे २३,४०० रुपयांची वीज जळालेली असली, तरी खरेदी किंमत शून्य धरली गेल्यास विक्रीवर सुमारे ३,३४० रुपये कर द्यावा लागेल.

प्रत्येक नाणे कधी आले, त्या दिवशी भाव काय होता आणि ते कधी, कशासाठी गेले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. वॉलेटला बँक खात्यासारखे नामनिर्देशन नसते. ते बारा किंवा चोवीस शब्द कागदावर लिहून सुरक्षित ठेवलेले नसतील आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला ती जागा माहीत नसेल, तर मालकाच्या पश्चात ती नाणी वारसांना मिळत नाहीत.