चामोर्शीची रेल्वे जंगलाने अडवलेली नाही

चामोर्शीकरांना रेल्वे धरायची तर हरणघाटाचा पूल ओलांडून मूल गाठावं लागतं, नाहीतर थेट चंद्रपूर किंवा बल्लारशा. इथे रेल्वे का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : घनदाट जंगल, वैनगंगेचे पूर आणि नक्षलवादी. हे उत्तर इतक्या वेळा दिलं गेलं आहे की ते तपासायचंच राहून गेलं. त्याच्या जोडीला ‘गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेच नाही’ असंही बिनदिक्कत सांगितलं जातं. पण देसाईगंजचं वडसा स्टेशन याच जिल्ह्यात आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचा अडीच फुटी मार्ग गोंदियाहून नागभीडपर्यंत 1908 मध्ये आला आणि 1913 च्या सुमारास चांदा फोर्टला भिडला. वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधलं वैनगंगेचं रुंद, वाळूचं पात्र त्यासाठी तेव्हाच ओलांडलं गेलं. पुढे सिंदेवाही आणि मूलच्या ज्या जंगलातून रूळ गेले, तिथे आजही वाघांचा वावर आहे. म्हणजे नदी आणि जंगल, दोन्हींवर शंभर वर्षांपूर्वीच तोडगा निघाला होता.

नकाशा पाहिला की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वडसा, आरमोरी, गडचिरोली आणि चामोर्शी ही सगळी गावं वैनगंगेच्या एकाच, पूर्वेकडच्या अंगाला आहेत. वडशाहून दक्षिणेला यायला ती नदी ओलांडावीच लागत नाही. खोब्रागडी, कठाणी यांसारख्या उपनद्यांवर पूल बांधले की झालं. वडसा-गडचिरोली हे अंतर जेमतेम 52 किलोमीटर, तेही धानाच्या बांध्यांमधून आणि सपाट रानातून. याउलट बोरघाटात 37 फुटांमागे एक फूट अशी चढण होती, कातळ फोडून बोगदे काढावे लागले, पटकीने मजूर मेले. तरी 1863 मध्ये गाडी घाट चढली, कारण वर दख्खनचा कापूस होता आणि खाली मुंबई बंदर. त्याहून जवळचा दाखला बस्तरचा. बैलाडिल्याचं लोहखनिज जपानला पाठवण्यासाठी 1960 च्या दशकात कोत्तवलसा-किरंदूल मार्ग बांधला गेला : सुमारे 450 किलोमीटर, 58 बोगदे, आणि सिमिलीगुडा येथे समुद्रसपाटीपासून 996 मीटर उंची. पूर्व घाट फोडून दंडकारण्यात रूळ जातात आणि आरमोरीच्या सपाटीवर अडतात, याचा दोष जमिनीला देता येत नाही. रूळ कुठे जाणार हे आजवर मुख्यतः मालाने ठरवलं आहे.

यावर कुणी म्हणेल, वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाच्या वनजमिनीच्या मंजुरीत वर्षं गेली, हे तर खरं आहे ना? खरं आहे. पण ती अडचण 1980 च्या वन संवर्धन कायद्यानंतरची. त्याआधीच्या सत्तर वर्षांचा हिशेब त्याने लागत नाही. शिवाय तो कायदा हवाच. वाघाच्या वाटेवर रूळ टाकताना भुयारी मार्ग सोडणं हा खर्च कामाचाच भाग आहे. नक्षलवादाचंही तेच. चळवळ इथे आली 1980 च्या आसपास. डिसेंबर 2016 मध्ये याच जिल्ह्यातल्या सुरजागडच्या पहाडावर लोहखनिजाची डझनावारी वाहनं जाळली गेली, ही दहशत खोटी नव्हती. पण 2021 मध्ये पोलीस बंदोबस्तात तिथेच उत्खनन पुन्हा सुरू झालं. ज्या कामाची निकड वाटली, त्याला संरक्षण मिळालं. वडसा-गडचिरोली मार्गाचा खर्च मात्र केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा होता आणि त्या वाटणीपायी काम रेंगाळत राहिलं.

म्हणून आता सुरजागडचं खनिज आणि चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीचा कारखाना पाहून रेल्वेची चर्चा जोर धरते, तेव्हा मला आनंदापेक्षा काळजी अधिक वाटते. ट्रकांनी उखडलेला आष्टीचा रस्ता वाचेल, हे मोठंच. पण किरंदूलच्या मार्गावर मालगाड्यांची रांग असते आणि प्रवासी गाड्या मोजक्याच. गडचिरोलीहून छत्तीसगडमधल्या बिजापूरमार्गे बचेलीपर्यंत जो नवा मार्ग आखला जातो आहे, तो त्याच खनिज मार्गाला जाऊन मिळणार आहे. त्यावरून नागपूरच्या दवाखान्यात आणि कॉलेजात जाणाऱ्यांसाठी रोज किती डबे धावतील, हे सर्वेक्षणाच्या टप्प्यावरच लेखी मागून घ्यायला हवं.