विद्युत् गिटार : दुरुस्ती व पुनर्जोडणी

पोलादी तारांच्या कंपनांचे चुंबकाच्या साहाय्याने विद्युत् संकेतांत रूपांतर करून ते संकेत विवर्धक व ध्वनिक्षेपक यांच्याद्वारे ऐकविणाऱ्या गिटारला विद्युत् गिटार म्हणतात. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेले असे वाद्य पुन्हा वाजते करण्याच्या कामात तपासणी, विद्युत् मंडलाची पुनर्जोडणी, लाकडी भागांची दुरुस्ती व स्वरजुळणी यांचा समावेश होतो. वाद्य मूक झाले म्हणजे ते निकामी झाले, असे बहुधा नसते. त्याचे मोलाचे भाग, म्हणजे लाकूड व चुंबकीय ग्राहक, टिकाऊ असतात; बिघाड सामान्यतः तारा, सांधे, बटणे यांसारख्या अल्पमोली भागांत असतो. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरविणे, हे या कामाचे मुख्य सूत्र होय.

ऐतिहासिक आढावा : अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकर यांच्या कारखान्यात मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन पद्धतीची विद्युत् गिटार तयार झाली. भरीव लाकडाची फेंडर गिटार १९५० मध्ये आणि गिब्सन कंपनीची ‘लेस पॉल’ गिटार १९५२ मध्ये बाजारात आली. भारतात हवाईयन गिटार विशेष लोकप्रिय झाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपली यांनी विद्युत् गिटारवादक म्हणून नाव मिळविले. महाराष्ट्रात लग्नाच्या वराती व गणेशोत्सवाच्या मिरवणुका यांत वाजणारा ‘बँजो’ हा वस्तुतः विद्युत् जोड दिलेला बुलबुलतरंग असून त्याच्या मंडलाची रचनाही याच तत्त्वावर असते. त्यामुळे पुढील विवेचन बऱ्याच अंशी त्यालाही लागू पडते.

रचना व कार्य : तारांखाली बसविलेल्या ग्राहकाला व्यवहारात ‘पिकअप’ म्हणतात. त्यात कायम चुंबकांभोवती सु. ०.०६ मिमी. जाडीच्या विलेपित तांब्याच्या तारेचे हजारो फेरे गुंडाळलेले असतात. चुंबकित झालेली पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत बदलतो आणि फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार वेटोळ्यात अल्प विद्युत् दाब निर्माण होतो. हा संकेत निवडक स्विच, आवाजाचे व स्वरगुणाचे परिवर्ती रोधक, एक धारित्र आणि निर्गम खोबणी यांतून विवर्धकाकडे जातो. परिवर्ती रोधक एकेरी वेटोळ्याच्या ग्राहकासाठी सामान्यतः २५० किलोओहमचे, तर गुणगुण कमी करणाऱ्या दुहेरी वेटोळ्याच्या ग्राहकासाठी ५०० किलोओहमचे असतात. धारित्र ०·०२२ किंवा ०·०४७ मायक्रोफॅराडचे असते. बहुसंख्य गिटारींत बॅटरी नसते. जुन्या रेडिओतील आवाजाचे बटण हाही असाच परिवर्ती रोधक असल्याने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराची साधने व कौशल्य या कामास पुरेसे होते. मोठ्या शहरांतील वाद्यदुकानांपासून दूर असलेल्या तालुक्याच्या गावी ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

बिघाडाची कारणे : हवामान हे प्रमुख कारण होय. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात, तर पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेत मोडतात. दमट हवेत तारा, खुंट्या व खोबणीचे संपर्क गंजतात आणि लाकूड फुगते. कोरड्या हवेत लाकूड आकसते. परंतु धातूचे पडदे आकसत नसल्याने त्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर येऊन हाताला बोचतात. परिवर्ती रोधकात धूळ साचली की बटण फिरविताना खरखर ऐकू येते. पूर्वीच्या दुरुस्तीतील कच्चे सांधे हेही बिघाडाचे नेहमीचे कारण असते.

तपासणी : प्रथम दुसरी खात्रीची केबल लावून पाहतात, कारण पुष्कळदा दोष गिटारमध्ये नसून केबलमध्ये असतो. त्यानंतर गिटार विवर्धकापासून अलग करून, आवाजाचे बटण पूर्ण उघडून आणि एकच ग्राहक निवडून निर्गम खोबणीच्या दोन संपर्कांमधील रोध मल्टिमीटरने मोजतात. एकेरी वेटोळ्याच्या ग्राहकाचा रोध बहुधा ५ ते ८ किलोओहम असतो; तेवढे वाचन आल्यास ग्राहक व त्याची वाट शाबूत आहे असे समजावे. वाचन २५० किलोओहमच्या आसपास आल्यास वेटोळे, त्याची तार किंवा स्विचचा संपर्क तुटलेला असून मापकाला केवळ परिवर्ती रोधक दिसत असतो. शून्य वाचन मंडलसंक्षेप दर्शविते, तर अनंत वाचन आल्यास खोबणीकडे जाणारी तार तुटलेली असण्याचा संभव अधिक असतो. अशा रीतीने काहीही न उकलता दोषाची जागा बरीचशी निश्चित होते.

पुनर्जोडणी : मंडल उकलण्यापूर्वी प्रत्येक तारेचा रंग व तिचे स्थान यांची आकृती काढून ठेवतात. खरखरणारे रोधक संपर्क स्वच्छ करणाऱ्या द्रवाने बहुधा सुधारतात. न सुधारल्यास बदलतात. डाख देण्यासाठी २५ ते ४० वॉटची डाखणी व राळयुक्त डाख वापरतात. आम्लयुक्त द्रावक वापरल्यास सांधे कालांतराने गंजतात. सांधा तापवून त्यावर डाख वितळू द्यावा लागतो; केवळ डाखणीवरील थेंब टेकविल्यास सांधा कच्चा राहतो. शिशाच्या डाखाचे काम खेळत्या हवेत करून नंतर हात धुणे आवश्यक असते. रोधकांची आवरणे, खोबणीचा बाह्य संपर्क व घोडी ही सर्व एका सामाईक भू-तारेने जोडतात. तारांना हात लावताच गुणगुण कमी होत असल्यास घोडीची जोडणी सामान्यतः ठीक असते. वेटोळे आतून तुटले असेल, तर ते पुन्हा गुंडाळता येते. पण ते काम अतिशय नाजूक असते.

लाकडी भाग व स्वरजुळणी : तारांचा एकत्रित ताण सु. ४५ किग्रॅ. पर्यंत असतो व त्याने दांडी वाकते. दांडीच्या पोटातील पोलादी सळईचा नट एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक न फिरविता ती सरळ करतात. तारेवरील बाराव्या पडद्याचा दाबलेला स्वर व त्याच स्थानी हलका स्पर्श करून काढलेला स्वर एकच येईपर्यंत घोडीवरील आधार मागेपुढे सरकवितात. तुटलेले लाकूडही सरसाने सांधता येते. ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड १९६४ पासून रंगमंचावर गिटार फोडण्याबद्दल प्रसिद्ध होते. अशा मोडक्या गिटारींपैकी काही चिकटवून पुन्हा वापरल्या जात. हेच टाउनशेंड पुढे मेहेरबाबांचे (१८९४–१९६९) अनुयायी झाले आणि १९७२ मध्ये नगरजवळील मेहेराबाद येथे बाबांच्या समाधीच्या दर्शनास आले.

सुरक्षितता : गिटारच्या तारा केबलमार्गे विवर्धकाच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. विवर्धकात २३० व्होल्ट प्रवाहाची गळती असून भू-जोडणी नसेल, तर वादकाच्या हाती प्रत्यक्ष विद्युत् प्रवाह येतो. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे भू-जोडणी नसलेल्या ध्वनियंत्रणेचा धक्का बसून मरण पावले. तीन खाचांची खोबणी दिसते म्हणून तिच्यामागे भू-तार असेलच असे नाही. विशेषतः मांडवातील तात्पुरत्या जोडणीत ती तपासून घ्यावी लागते. जुन्या नलिका-विवर्धकातील धारित्रे वीज बंद केल्यावरही शेकडो व्होल्टचा भार धरून ठेवतात. म्हणून गिटारचे मंडल कोणासही शिकून जोडता आले, तरी विवर्धक मात्र जाणकारानेच उघडावा.

जतन : काढलेले मूळ भाग फेकून न देता वाद्यासोबत ठेवतात. त्यामुळे वाद्याचा काळ ठरविता येतो, त्याचे मोल टिकते आणि पुढील दुरुस्ती करणाऱ्यास मूळ रचना कळते. रोधकांवर छापलेले सांकेतिक आकडे पुष्कळदा निर्मितीचे वर्ष सांगतात. मिरजेचे कारागीर जुनी सतार किंवा तंबोरा दुरुस्त करताना भोपळा व दांडी शक्यतो राखून जवारी, तारा यांसारखे झिजणारे भागच नव्याने सिद्ध करतात. विद्युत् गिटारच्या बाबतीतही हाच विवेक लागू पडतो; फक्त जवारीची जागा येथे डाखाच्या सांध्याने घेतलेली असते.