म्हातारी गेली कुठे?

नाशिकच्या गोदाघाटावर एखादी आजी हरवली, की शोध सुरू व्हायच्या आधी निकाल लागलेला असतो. रामकुंडाच्या पायऱ्यांपासून निमाणी स्टँडपर्यंतच्या चहाच्या टपऱ्यांवर तेच चार तर्क फिरतात. सुनेशी पटत नव्हतं. सात-बाऱ्यावर नाव होतं. जलसमाधी घेतली असणार. आणि सिंहस्थ असला तर चौथा, सगळ्यांत लाडका: पोरांनीच आणून सोडलं. म्हातारा बेपत्ता झाला तर लोक त्याला निदान हिमालयात तरी पाठवतात. म्हातारीच्या जाण्याला तिचं स्वतःचं काही कारण असेल, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही. तिला कुणीतरी घालवलेलं असतं, नाहीतर ढकललेलं.

हे तर्क अगदीच हवेतले नाहीत. आईबापांना टाकून देणारी मुलं असतात, म्हणून तर ज्येष्ठांच्या २००७च्या कायद्यात कलम २४ आलं. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायद्यात कलम आहे म्हणून हरवलेल्या प्रत्येक आजीचा मुलगा आरोपी, हा न्याय घाटावरचा. त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीनं घरचे आधी पाहुण्यांत फोन करतात, देव पाण्यात ठेवतात आणि मग कधीतरी पोलीस ठाण्याची पायरी चढतात. ‘चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत’ हीसुद्धा अशीच एक अफवा. असा नियम कायद्यात कुठेच नाही.

ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होताना खरी पंचाईत होते. फोटो? नातवाच्या लग्नातल्या घोळक्यात, तिसऱ्या रांगेत, अर्धा पदराआड. लुगड्याचा रंग? मुलगा बायकोकडे बघतो. उंची? वय? ‘ओळखीची खूण’ या रकान्यापाशी मात्र जुन्या बायका आपल्याला वाचवतात, कारण त्यांच्या अंगावर गोंदण असतं. कपाळावरचा ठिपका, हनुवटीवरची टिकली, मनगटावर कोरलेलं भावाचं किंवा देवाचं नाव. कागद हरवतो, पदराची गाठ सुटते, गोंदण राहतं. फक्त ते नेमकं कुठल्या हातावर आहे, हे घरातल्या कुणीतरी कधी पाहिलेलं असायला हवं.

आणि नाव? माझ्या मते सगळा घोटाळा इथेच आहे. आपल्याकडे लग्नात ताटभर तांदळात नवं नाव लिहून मुलीचं जुनं नाव पुसायची चाल होती. आधार कार्डावरची सुमन माहेरी ठकू असते. नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायचं नाही, हे वळण सत्तर वर्षं मुरलेलं. अनोळखी पोलिसापुढे ती ते एकदम कसं उच्चारणार? गावात तर ती जन्मभर ‘बबनची आई’ असते.

त्यात स्मृतिभ्रंश. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना तो असावा, असा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं मागे उरतं. स्वतःच्या ओसरीवर बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणणारी आजी अनेकांनी पाहिली असेल. आपण म्हणतो, हेच की गं घर. तिच्या लेखी घर म्हणजे माहेर. मग एका दुपारी कडी उघडी सापडते आणि ती निघते. इकडे गाव विहिरीत गळ टाकतं, तिकडे ती सहा वर्षांची ठकू होऊन आईकडे चाललेली असते. अशी माणसं पुष्कळदा घराच्या आसपासच असतात. एखाद्या झुडपात नाहीतर कुंपणात अडकतात आणि हाकांना ओ देत नाहीत. हाक सुमनच्या नावानं मारली, तर ठकूनं ओ का द्यावी?

विदर्भातली एक हकीकत इथे सांगायलाच हवी. १९८०च्या सुमारास नागपुरात मानसिक उपचारांसाठी आणलेली एक बाई बेपत्ता झाली. मध्य प्रदेशात दमोहजवळ एका ट्रकचालकाला ती रस्त्याकडेला दिसली. मधमाश्यांनी डसलेली, काहीबाही पुटपुटणारी. त्यानं तिला घरी नेलं. ते मुस्लिम कुटुंब तिला मौसी म्हणू लागलं, पुढे सारा गावच. ती पुटपुटत होती ते मराठीत, आणि घरात मराठी कुणालाच येत नव्हतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये त्या चालकाच्या मुलानं पुन्हा एकदा गाव विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून ‘परसापूर’ आलं. त्यानं इंटरनेटवर शोधलं तर परसापूर अमरावती जिल्ह्यात. तिथल्या एका दुकानदाराला त्यानं गाठलं, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरला आणि तिचा नातू सापडला. १७ जून २०२० रोजी नव्वदी ओलांडलेली ती आजी नागपूरला परतली. तिची वाट पाहणारा मुलगा तीन वर्षं आधीच वारला होता. चाळीस वर्षांत तिच्याविषयी काय काय बोललं गेलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. कामी आलं ते एका गावाचं नाव.

तर्काच्या बाबतीत शिकलेले लोकही घाटावरच्यांहून शहाणे नसतात. डिसेंबर १९२६मध्ये रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती बेपत्ता झाल्या, तेव्हा नवऱ्यानं खून केला, तळ्यात उडी घेतली, पुस्तकं खपवायचा डाव आहे, असं सगळं बोलून झालं. शेरलॉक होम्सच्या जनकानं, कॉनन डॉयलनं, बाईंचा हातमोजा एका परलोकविद्यावाल्याकडे दिला! अकरा दिवसांनी त्या हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या. दुसऱ्याच नावानं राहत होत्या.

काही जणी सापडतच नाहीत. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करायचा भार तसं म्हणणाऱ्यावर जातो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. मृत्यू गृहीत धरला, तरी मृत्यूची तारीख त्यातून मिळत नाही. घरच्यांना श्राद्धाची नेमकी तिथीसुद्धा कळत नाही. लोकांच्या तर्कांना मात्र सात वर्षांची मुदत लागत नाही.

प्रयागच्या माघमेळ्यात १९४६ साली राजाराम तिवारी नावाच्या तरुणाला वाट चुकलेली एक म्हातारी भेटली. ‘हिला कुणी सोडलं’ हे विचारत न बसता त्यानं पत्र्याचा कर्णा केला आणि तिच्या माणसांना हाका मारत फिरला. तिथलं भूले-भटके शिबिर त्यातून उभं राहिलं. तिवारी २०१६मध्ये गेले तोवर ते चालवत होते. आपल्या नाशिकनं गर्दी काय करते हे २७ ऑगस्ट २००३ रोजी पाहिलं आहे. पंचवटीतल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. कॅमेरे आणि संगणक पुढच्या सिंहस्थात असतीलच. पण संगणकाला ठकू माहीत नाही.

म्हणून एक काम करा. आजीजवळ बसा. तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, तिला घरी काय म्हणत ते, कुठल्या हातावर कसलं गोंदण आहे ते विचारून लिहून घ्या. तिचा एकटीचा, समोरून, डोक्यावरचा पदर थोडा मागे घेतलेला फोटो काढा. गर्दीत नेणार असाल, तर चिठ्ठी तिच्या पदराला न बांधता पोलक्याच्या आत शिवा. ११२ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक त्या चिठ्ठीत असू द्या. नाशिकच्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला आहे.